‘डीजे आला नाही का अजून?’

गळ्यात हेडफोन, पुढ्यात मिक्सर, दोन्ही हात कामात, आणि नवऱ्या मुलाचा मामा येऊन विचारतो, ‘‘अक्का, डीजे आला नाही का अजून?’’ पूर्वी डोकं फिरायचं. आता मी म्हणते, ‘‘आलाय की. जेवायला बसलाय. तोवर मी वाजवते.’’ दोन तासांनी तोच मामा पन्नासाची नोट ओवाळत येतो आणि डीजे अजून जेवतोयच का, हे विचारायचं विसरतो.

मामाची सगळीच चूक नाही म्हणा. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात डीजे म्हणजे माणूस नसतोच मुळी. डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेले स्पीकरचे बॉक्स. त्यालाच डॉल्बीही म्हणतात. डॉल्बी ही खरी कंपनी नावारूपाला आली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. आपल्याकडे तिच्या नावानं गल्लीतली तावदानं हलतात. आणि त्या बॉक्सवर गाणी लावणारा तो नुसता ‘ऑपरेटर’. त्यात ती बाई असली तर ऑपरेटरसुद्धा नाही, ऑपरेटरची कुणीतरी.

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की आमच्याकडे काही बायका-पोरी आणि समाजानं बाजूला ठेवलेले तीन-चार जण हळदी, गॅदरिंग, वाढदिवस वाजवतात आणि एकमेकांना धरून आहेत. त्यावर पत्रं आली. काही निनावी, काही ‘नाव छापू नका’ असं ठळक लिहिलेली. त्यांतली काही इथं देते, प्रत्येकाखाली माझं उत्तर. नावं कुणाचीच छापत नाही. नव्या वाचकांसाठी माझं एवढंच: बेळगावच्या शहापुरात वडिलांचं मंडप आणि साउंडचं दुकान होतं. मी वायरी गुंडाळत मोठी झाले. १९९४ साली कॅसेट लावणारा पोरगा तापानं पडला म्हणून पंधराव्या वर्षी एका मुंजीत मी बसले, ती अजून उठले नाही.

अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय २२. आतेभावाच्या कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायच्या यंत्रावर) शिकले. बेळगावचा एक इव्हेंटवाला मला हळदीला नेतो. ‘लेडी डीजे’ म्हणून बॅनर लावतो. गिऱ्हाइकाकडून पंधरा हजार घेतो असं परवा कळलं, मला दोन देतो. कपडे कुठले घालायचे तेही तोच सांगतो. गेल्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर त्यानं सगळ्या गाड्या पाठवून दिल्या आणि ‘तुला मी सोडतो’ म्हणाला. मी स्वयंपाकाच्या बायकांच्या टेम्पोतून आले. घरी खरं सांगितलं नाही, तरी बाबा म्हणतात बंद कर. काम सोडायचं नाही. काय करू?

पहिल्यांदा त्या टेम्पोबद्दल बोलू. शाबास. भांड्यांच्या ढिगावर बसून आलीस ना? मीही आलेय. कुठल्याही कार्यक्रमात आपली पहिली ओळख आचाऱ्याकडच्या बायकांशी करून घ्यायची, स्टेजवरच्या लोकांशी नंतर. त्या सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात, आणि कोण पिऊन कुठल्या खोलीत पडलाय हे त्यांना माहीत असतं.

आमच्यात एक नियम आहे. परतीची गाडी ठरल्याशिवाय सुपारी घ्यायची नाही. जायची गाडी कुणीही देतो. परतीची आपली. रिक्षावाले दोघं आमच्या ओळखीचे आहेत, एकजण हिंडलग्याचा, एक अनगोळचा; ते लांबच्या भाड्याला आधी सांगून ठेवलं तर थांबतात. आणि घरी पोचल्यावर ग्रुपवर फक्त ‘पोचले’ एवढं टाकायचं. शेवटचीचं ‘पोचले’ येईपर्यंत एकजण जागी राहते. पाळी लावलेली आहे. माझी पाळी मंगळवारी आणि शनिवारी. शनिवारी झोप होत नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

आता तो माणूस. त्यानं हात लावला नाही म्हणून काही झालंच नाही असं मनाला समजावू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा ऑफिसातल्या बायकांपुरता नाही. मालकानं कामासाठी दिलेली गाडीसुद्धा त्यात कामाची जागा धरतात. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला, किंवा तक्रारच मालकाविरुद्ध, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. ही समिती नेमण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्यावर असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावं लागतं. वकील परवडत नाही म्हणून थांबू नकोस, बायकांना सरकारी मोफत कायदेशीर मदत उत्पन्न न विचारता मिळते, त्याचा फोन १५१००. तू तक्रार करच असं मी सांगत नाही. तारीख, वेळ, गाडी पाठवल्याचे मेसेज मात्र आजच एका वहीत लिहून ठेव. नंतर आपलंच आपल्याला खरं वाटेनासं होतं.

पैशांचं माझं स्वतःचं ऐक. अकरा वर्षं मी एका माणसाकडून सुपाऱ्या घेत होते. चांगला माणूस, घरी आला की आईच्या पाया पडायचा. २०१६ साली आम्ही चौघी शहापुरात एकीच्या घरी भडंग खात बसलो होतो, बोलता बोलता दर निघाले. एकाच माणसानं एकाच सीझनला एकीला तीन हजार, एकीला साडेचार, मला सगळ्यांत जुनी म्हणून अडीच. जुनी म्हणून कमी! ‘अक्का घरची आहे’ म्हणे. त्या दिवशी भडंग तसंच राहिलं. तेव्हापासून आमच्यात दर झाकायचा नाही. कुणी कुठं किती घेतले ते वहीत लिहायचं, आणि त्याखाली एकीनंही जायचं नाही. दोघी गेल्या होत्या एकदा. भांडण झालं, तीन महिने बोलणं बंद होतं, मग आल्या. ग्रुप म्हणजे रोज सकाळी फुलांचे फोटो आणि बदाम असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या भांडणाला यावं.

पुरुष डीजेंना मी सुरुवातीला दर विचारायचे. सगळे हसायचे, सांगायचं कुणीच नाही.

तू असं कर. या माणसाकडचं काम लगेच तोडू नकोस, पण पुढची सुपारी मेसेजवर लिहून घे: सुरू किती वाजता, बंद किती वाजता, रक्कम किती, निम्मी आधी, जेवण, गाडी, आणि कपडे माझे मी ठरवणार. जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे संचकार (बयाणा) झाल्याशिवाय कुणी बोलत नाही. मग रात्रीच्या कामाला तोंडी काय म्हणून? ‘बंद किती वाजता’ हे मुद्दाम लिही. उघड्या जागेवर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, हा नियम २००० सालापासून आहे, आणि सणासुदीला सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंतच बारापर्यंत सूट देऊ शकतं. पोलीस आले की मालक मंडपामागं जातो आणि पुढं उभी असते ती आपण. शिवाय दहाला बंद म्हणजे साडेदहाला टेम्पोत. नियमाचा असाही उपयोग होतो.

बाबांना एका दुपारच्या कार्यक्रमाला घेऊन जा. मागं बसव, वायरी गुंडाळायला लाव. माझे वडील स्वतः साउंडवाले असून ‘माईक टेस्टिंग’ पोरीनं म्हणायचं नाही असा त्यांचा दंडक होता, पोरीचा आवाज भोंग्यातून गल्लीभर कशाला. वायर मात्र पोरीनं गुंडाळलेली चालायची. त्यांचं मत बदललं ते माझ्या वाजवण्यानं नाही. एका लग्नात अॅम्प्लिफायर बसला आणि मी फ्यूज शोधून दोन मिनिटांत चालू केला, त्यानं. बापांना कला दाखवू नये, दुरुस्ती दाखवावी.

आणि शेवटी, ‘ग्रुपमध्ये घ्याल का’ असं पत्राच्या तळाला बारीक अक्षरात विचारलंयस. ग्रुपला दार नाही. बेळगावच्या वडगावात एका मागाच्या कारखान्यावर माळा आहे, तिथं आम्ही रविवारी दुपारी बसतो. खाली यंत्रमाग चालू असतात. आवाज होतो म्हणून कुणी भाड्यानं घेत नव्हतं, आम्हाला स्वस्तात मिळाला. नव्या पोरीला मी आधी कंट्रोलर देत नाही, जिन्यावर बसवते. खालचे दोन माग ऐक म्हणते. सुरुवातीला एकत्र खटखट करतात, मग एक जरा पुढं जातो, दोन्हींचा गोंधळ होतो, आणि थोड्या वेळानं आपोआप पुन्हा एका ठोक्यावर येतात. येण्याच्या त्या क्षणी बोट वर कर म्हणायचं. ज्या दिवशी बोट बरोबर वर जातं त्या दिवशी तिला दोन गाण्यांचे ठोके जुळवता येतात. स्क्रीनकडे बघावं लागत नाही.

कंट्रोलर नसला तरी ये. मिक्स (इंग्रजीत Mixxx) नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आणि कंट्रोलरसाठी आमची भिशी आहे: १२ जणी, महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात ३०,०००. एवढ्यात शिकण्याजोगा नवा कंट्रोलर येतो. चिठ्ठ्या टाकत नाही, गरज बघून उचल देतो. यात फसलो नाही असं नाही. पहिली उचल जिला दिली तिचं दोन महिन्यांत लग्न झालं, हुबळीला गेली, आणि कंट्रोलर सासरी कपाटावर गेला. तिथून तो विकला गेला हेही कळलं. आम्ही हप्ते सोडून दिले होते. तिनं दिले. ब्लाउज शिवून दहा महिने दिले, एकही चुकवला नाही. अजून रविवारी कधीतरी तिचा फोन येतो, ‘‘खाली माग चालू आहेत ना गे? जरा फोन जिन्यात धर.’’

मी निपाणीचा, वय २४. मंडळाच्या ट्रॉलीवर ऑपरेटर आहे. मला मुलं आवडतात. हे पहिल्यांदा कुठंतरी लिहितोय. ट्रॉलीवरची पोरं दिवसभर ‘बायल्या’ वगैरे बोलत असतात, मला नाही, असंच एकमेकांना, पण मी हसतो आणि रात्री झोप येत नाही. ही लाइन माझ्यासारख्याची नाही असं वाटतं. माझ्यासारखे कुणी या कामात आहेत का? पोरांना सांगावं का?

अरे, तू ज्या लाइनीत आहेस ती लाइनच तुझ्यासारख्यांनी घातलेली आहे.

ट्रॉलीवर तू जे रीमिक्स लावतोस, चारही मात्रांवर सारखी पडणारी ती थाप, धप-धप-धप-धप, तिचं एक घराणं आहे. शिकागोत १९७७ साली वेअरहाऊस नावाचा एक क्लब निघाला. तिथं जमायची ती मुख्यतः काळी आणि लॅटिनो पोरं, समलिंगी, ज्यांना इतर ठिकाणी दारात अडवायचे. वाजवणारा फ्रँकी नकल्स, तोही तसाच. गाणं लोकांना पुरायचं नाही म्हणून टेप कापून, जोडून लांबवायचा. त्या वेअरहाऊसच्या नावातलं शेवटचं ‘हाऊस’ उचलून त्या संगीताला हाऊस म्हणायला लागले. त्याच सुमाराला न्यूयॉर्कात पॅराडाइज गॅरेजमध्ये लॅरी लेव्हान वाजवत होता, तोही समलिंगीच, आणि त्याचे बॉक्स ऐकायला दूरदूरचे साउंडवाले यायचे. निपाणीची पोरं जिच्यावर नाचत ‘बायल्या’ म्हणून चिडवतात ती थाप कुठून आली हे त्यांना माहीत नाही. तुला माहीत असू दे. हसू आलं तर आतल्या आत हस, पण यावेळी खरं हस.

सांगावं का? नाही. आत्ता तर नाहीच. सांगणं हे कर्ज नाही, कुणी वसूल करायला आलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं संमतीचं प्रेम गुन्हा नाही. तेवढ्यानं ट्रॉलीवरची तोंडं बंद होत नाहीत, हे मलाही कळतं. आधी एक माणूस शोध, दहा नकोत. मराठीत मोकळं बोलायला पुण्याला २००२ साली समपथिक ट्रस्ट निघाला. तुला जवळ सांगली. तिथं संग्राम संस्था १९९२ पासून काम करते. आणि झोप न येणाऱ्या रात्री १४४१६ ला फोन कर, सरकारी टेली-मानस आहे, फुकट, मराठीत आणि कानडीतही बोलतात. आणखी एक, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते: मोबाइलवरच्या ओळखीतून कुणी भेटायला बोलावलं तर पहिली भेट माणसांच्या गर्दीत, बसस्टँडच्या हॉटेलात. फोटो दाखवून पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही. एकदा दिला की ती भिशी सुरू होते, आणि तिला शेवटचा हप्ता नसतो.

आमच्या माळ्यावर तुझ्यासारखे तिघे येतात. कोण ते लिहीत नाही, आणि माळ्यावरही कुणी कुणाला विचारत नाही. एकजण लाइट्स करतो. पहिल्या दिवशी आला तेव्हा दोन तास नुसता वायरी गुंडाळत बसला, उलट-सुलट गुंडाळी, एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पीळ पडत नाही. जाताना म्हणाला, ‘‘इथं हसावं लागलं नाही.’’ आम्हाला वाटलं विनोद कमी पडले. नंतर लक्षात आलं.

मी सौंदत्तीकडची. लोक जोगप्पा म्हणतात, म्हणजे मुलगा म्हणून जन्मून यल्लम्मा देवीची झालेली. गुरूच्या हाताखाली चौंडकं शिकून २० वर्षं देवीची गाणी म्हणते. जत्रेत कुणीतरी माझं गाणं मोबाइलवर घेतलं, त्याला धमधम जोडली आणि यूट्यूबवर टाकलं. गावोगावच्या वरातीत वाजतंय. माझं नाव नाही, पैसा नाही. भाची म्हणते तुम्हीच असलं करा की. देवीला चालेल का?

अम्मा, नमस्कार. तुमचं पत्र भाचीनं लिहिलंय हे अक्षरावरून कळतं, तिलाही नमस्कार.

देवीच्या मनातलं मला सांगता येत नाही. वरातीत दारू पिऊन नाचणाऱ्यांच्या पायाखाली तिचं गाणं चाललंच आहे, आणि ते तुम्ही केलेलं नाही. तेव्हा चालेल की नाही हा प्रश्न त्या मोबाइलवाल्यानं आधी विचारायला हवा होता.

हक्काचं सांगते. परंपरेचं गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं, ते खरं. पण तुम्ही ते म्हटलंत, तो गळा आणि ते म्हणणं तुमचं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षं राहतो, आणि कलाकार म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही त्यात आहे. यूट्यूबवर तक्रारीचा फॉर्म असतो, भाचीला भरता येईल. काढूनच टाका असं म्हणण्याआधी त्या पोराला एक मेसेज करून बघा: नाव लाव, आणि कमाईतला वाटा दे. आमच्यातल्या एकीनं असंच केलं तर तो पोरगा पेढे घेऊन आला. दुसऱ्यानं फोन ब्लॉक केला. दोन्ही होतं.

आणि तुम्ही स्वतः करायचं असेल तर माझं पोट भरेल एवढं मला त्यात सांगायचंय. चौंडक्याची तार ओढली की सूर जो वर चढतो आणि घसरतो, तो कुठल्याच मशिनीत नाही. पोरं काय करतात, तुमचं गाणं घेतात आणि कॉम्प्युटरच्या चौकटीत ठोकून बसवतात, प्रत्येक ठोका ओळीत. मग गाणं मरतं. तुम्ही दम घेता, देवीचं नाव लांबवता, पुढच्या कडव्याला लय चढते, ते सगळं सपाट. आपण उलटं करायचं. तुमचं गाणं जसं आहे तसं, आणि ठोक्यानं तुमच्या मागून यायचं. कष्टाचं काम आहे, एका गाण्याला मला दोन दिवस लागतील. रेकॉर्ड करताना एक माईक चौंडक्याच्या तोंडाशी, एक तुमच्या गळ्याशी, आणि तुणतुणं जरा लांब. माळ्यावर होणार नाही, खाली माग आहेत. आम्ही तुमच्याकडे येऊ, पहाटे, कोंबड्याच्या आधी.

हे लिहिताना मला एक गोष्ट टोचते. आम्ही शहरातल्या बायका ‘सपोर्ट’, ‘कम्युनिटी’ असे शब्द आता शिकलो. तुमच्यात गुरू चेल्याला घरात घेते, चौंडकं हातात देते, आजारपणात बघते, मेल्यावर उचलते. घरानं टाकलेल्या माणसांनी गाण्याभोवती घर बांधायचं, हे सौंदत्तीच्या डोंगराखाली शिकागोच्या कितीतरी आधीपासून चाललंय. तुमच्यातल्याच मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या माळ्यावर कुंदा वाटला होता. गोडवा एवढाच. त्याच डोंगरावर लहान पोरी देवदासी म्हणून सोडल्या जायच्या आणि ते थांबवायला कर्नाटकाला १९८२ मध्ये कायदा करावा लागला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. म्हणून तुमच्या गाण्याला ‘आपली थोर परंपरा’ असं बॅनर मी लावणार नाही. तुमचं नाव लावीन, मोठ्या अक्षरात.

पैसे किती घेणार हे तुम्ही सांगा. आमच्या वहीत लिहीन.

मी ३० वर्षं साउंड लाइनमध्ये आहे. कलेला बाई-पुरुष नसतो. चांगली वाजवणारी बाई मिळाली तर आम्ही बोलावतोच, पण मिळत नाहीत. मग वेगळा ग्रुप काढून तुम्हीच भेदभाव करत नाही का?

अण्णा, मिळत नाहीत हे १९९८ मध्ये व्हिएन्नातही म्हणत होते. तिथं इलेक्ट्रिक इंडिगो नावानं वाजवणाऱ्या बाईनं ‘फीमेल प्रेशर’ म्हणून एक जाळं उभं केलं, जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या बायकांची यादी. मिळत नाहीत म्हटलं की यादी पुढं करायची. न्यूयॉर्कात २०१४ साली तिघीजणींनी डिस्कवुमन काढली आणि बायकांच्या सुपाऱ्या स्वतःच घ्यायला लागल्या. आमची यादी इतकी झगमगीत नाही, दोनशे पानी वही आहे, त्यात बेळगावपासून संकेश्वरपर्यंतची १९ नावं आहेत, आणि कोण मराठी, कोण कानडी, कोण दोन्ही हेही लिहिलंय, कारण हळद आपल्याकडे दोन्ही भाषांत लागते. पत्त्यासह पत्र पाठवा, झेरॉक्स देते. सीझनला पहिली सुपारी कुणाला दिलीत ते मात्र कळवा.

माझी मुलगी चिक्कोडीत कॉलेजला आहे आणि तिला हेच करायचंय. मी आई आहे, घाबरते. या धंद्यात बायका कुठं असतात? असल्या तर दिसत कशा नाहीत?

ताई, दिसत नाहीत कारण त्या हिशेबाच्या वहीत असतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ ला एका इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी झाली, हिप-हॉप तिथं जन्मलं असं मानतात. वाजवणारा भाऊ, डीजे कूल हर्क, त्याचं नाव सगळ्यांना पाठ. पार्टी भरवली होती ती त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. तिला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, त्याला पैसे हवे होते. हॉल तिनं भाड्यानं घेतला, तिकीट लावलं, मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. एका पोरीच्या कपड्यांच्या पैशांतून एवढं उभं राहिलं.

भीती बरोबर आहे, ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. मुलीला डिग्री पुरी करू दे, आणि तोवर रविवारी वडगावला पाठवा. किंवा तुम्हीच या. आमच्याकडे हिशेब ठेवायला कुणी नाही, मी ठेवते आणि दर महिन्याला चाळीस-पन्नास रुपये चुकतात.

ट्रॉलीवरून उतरल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते. सकाळी जाते. काही करायला हवं का?

हो. शिट्टी म्हणजे कानानं दिलेली पहिली नोटीस. ८५ डेसिबलला आठ तास हे कामाच्या जागेवरचं माप अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेनं धरलंय, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुझी मिरवणूक किती तास चालते ते तूच मोज. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, नुसते टेकवले तर पडतात. वडिलांना साठीनंतर डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, कारण भोंगा कायम डावीकडे बांधायचे. शिट्टी सकाळी जायची थांबली तर कानाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी, आठवड्यानं नाही. आणि ट्रॉलीवर बॉक्सच्या तोंडासमोर उभा राहत असशील तर बाजूला हो.